मिलिटरी डिस्पोजलचे अ‍ॅक्सल जीपला बसवायचेत? आधी मोजपट्टी घ्या

"जोंगाचे अ‍ॅक्सल मिळतायत, स्वस्तात, घेऊ का?" असा फोन, म्हणजे आर्मीने लिलावात काढलेल्या जोंगा जीपच्या अ‍ॅक्सलबद्दल, मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो आणि दरवेळी मी उलट एकच विचारतो, की बाबा तुझ्या गाडीचं आत्ता नेमकं तुटतंय काय? बहुतेकांचं काहीच तुटत नसतं, फोटोत जाडजूड हब बघितलेले असतात आणि हात शिवशिवत असतात, बास. माझं तुटलं होतं म्हणून मी या फंदात पडलो, जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप, ताम्हिणीकडच्या एका ओढ्यात दगडावर चाक अडकलं, मी पाय दाबला आणि मागचा शाफ्ट, अ‍ॅक्सलच्या नळीतला चाक फिरवणारा दांडा, कट्कन गेला. त्यानंतर दीड वर्ष जे काही केलं, त्यातलं अर्धं दोनदा केलं, ते तुम्हाला एकदाच करावं लागावं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, अ‍ॅक्सल हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. माझ्या हिशोबात अ‍ॅक्सलचे पैसे एकूण खर्चाच्या चौथा हिस्सासुद्धा नव्हते. बाकी सगळं लेथ, वेल्डिंग, ब्रेक, स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जाणारा लांब दांडा), टेम्पोभाडं आणि चुका.

खरंच गरज आहे का

२९-३० इंची टायर, साधी डिझेल जीप, पावसाळ्यात मुळशीच्या चिखलात चार चकरा, यासाठी कंपनीचे अ‍ॅक्सल पुरतात. शाफ्ट चांगले, बेरिंग नवी, ऑईल सील नवे, झालं. डिस्पोजलच्या अ‍ॅक्सलचा विषय निघतो कधी, तर ३३ च्या पुढचे टायर घालायचेत, किंवा डिफमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या पोटातल्या गिअरच्या गोळ्यात, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर टाकलाय आणि एकाच चाकावर सगळा जोर येतो, किंवा दोनदा शाफ्ट तुटून झालाय.

मूळ फरक समजून घ्या. आपल्या जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग असतो, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही तोच पेलतो. तो तुटला की चाक शाफ्टसकट बाहेर यायला बघतं आणि गाडी तिथेच बसते. मिलिटरीच्या आणि ट्रकच्या मोठ्या अ‍ॅक्सलमध्ये फुल-फ्लोटिंग पद्धत असते, तिथे वजन पेलतो हब, दोन टेपर बेरिंगवर, आणि शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, तुकडा काढायचा, फोर बाय फोर लावून पुढच्या दोन चाकांवर गाडी घरी आणायची. ओळखायचं कसं? चाकाच्या मधोमध हबचं बोंड बाहेर आलेलं दिसतं आणि त्याच्या तोंडावर गोलाकार बोल्ट असतात. ते बोल्ट काढले की जॅक न लावता शाफ्ट ओढून काढता येतो. हे ट्रकचं चाक जवळून बघितलेल्या कोणालाही माहीत असतं पण जीपवाले विसरतात.

कुठला अ‍ॅक्सल

इंटरनेटवर जे व्हिडिओ बघून तुम्ही पेटलाय ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे एम३५ नावाचा अडीच टनी मिलिटरी ट्रक, त्याला ते ड्यूस अँड अ हाफ म्हणतात, त्याचे रॉकवेल अ‍ॅक्सल डिस्पोजलमध्ये निघतात. ६.७२ चा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे ६.७२ फेरे, पिनियन (डिफमधला लहान गिअर) वरच्या बाजूने आत जातो त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट उंच राहतो आणि दगडाला लागत नाही, आणि ताकद म्हणाल तर ४४ इंची टायर लावून लोक दगडांवर चढतात. पण एकेक अ‍ॅक्सल तीन-चारशे किलोच्या घरात. तो इकडे मागवायचा विचार सोडा, कस्टम आणि भाड्यात दुसरी जीप येईल.

आपल्याकडे जे खरंच हाताला लागतं ते असं. पहिली जोंगा. निसानच्या पॅट्रोल ६० या गाडीवरून जबलपूरला बनायची, १९६९ पासून १९९९ पर्यंत, जबलपूरच्या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून हे नाव पडलं. जीपच्या मापाच्या जवळ जाणारा आणि तरी भक्कम असा हाच अ‍ॅक्सल, त्यामुळे नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. दुसरा निसानचा एक टनी ट्रक, आर्मीत वन टन म्हणायचे तो. त्याचे अ‍ॅक्सल अजून जड आणि रुंद, पिकअपसारखी लांब गाडी असेल तरच विचार करा. तिसरा शक्तिमान, मॅन कंपनीच्या लायसन्सवर बनलेला ट्रक. त्याचा अ‍ॅक्सल जीपखाली घालणं म्हणजे बैलगाडीला रेल्वेची चाकं. एकाने मला फोटो पाठवला होता, गाडी दिसायला भारी होती, पण अ‍ॅक्सल हलवायलाच इंजिनाचा दम निघत असणार.

पोर्टल अ‍ॅक्सलबद्दलही विचारतात, युनिमॉग ट्रक वगैरेचे, ज्यात हबमध्येच गिअर असतात आणि अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते. चीज भन्नाट आहे, पण जोडी आणि पार्ट दोन्ही इथे मिळवण्यात वर्षं जातात, पहिल्या प्रोजेक्टला नको.

विकत घ्यायच्या आधी घरी बसून करायचं गणित

भोसरी एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उत्साहाने सगळं सांगत होतो आणि ते मान खाली घालून जॉब फिरवत म्हणाले, "आधी मोजून आण, मग बोल." तेव्हा राग आला होता. आता मीच सगळ्यांना तेच सांगतो.

रुंदी अशी मोजा: चाक हबला जिथे टेकतं त्या तोंडापासून दुसऱ्या बाजूच्या तोंडापर्यंत. ड्रमच्या बाहेरून नाही, नळीवरून नाही. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपचा ट्रॅक जेमतेम साडेअठ्ठेचाळीस इंच, मोठ्या गाडीचा अ‍ॅक्सल आला की चाकं मडगार्डच्या बाहेर येणार. थोडी बाहेर आली तर गाडी तिरक्या उतारावर जास्त स्थिर राहते, हा फायदाच, पण फार बाहेर आली की वळताना टायर बॉडीला घासतो आणि चिखल थेट तुमच्या तोंडावर.

मग पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, अंतर, उजव्या पाट्याच्या मध्यापासून डाव्या पाट्याच्या मध्यापर्यंत, पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं मोजा, ते सारखं असेलच असं नाही.

मग डिफ कुठल्या बाजूला आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून, पुढचा प्रोपेलर ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला पुढच्या अ‍ॅक्सलचा डिफ पाहिजे. जुन्या महिंद्रा जीपमध्ये मागचासुद्धा मध्यावर नसतो, बाजूला असतो, तेव्हा मध्यावर डिफ असलेला अ‍ॅक्सल आणलात तर प्रोपेलर तिरका जाणार, थोडा चालतो, फार चालत नाही. कोणी सांगेल की मग अ‍ॅक्सल उलटा करून टाक, डिफ त्या बाजूला येईल. येईल की, पण क्राऊन, डिफमधला मोठा गिअर, पिनियनच्या दुसऱ्या बाजूला गेला की चाकं उलटी फिरतात, मग गाडीला एक गिअर पुढचा आणि चार रिव्हर्स. हसू नका, हे करून बसलेला माणूस मला भेटलाय.

आता रेशो. माझ्या जीपच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. माझ्या हातात जो जोंगाचा मागचा अ‍ॅक्सल आला त्याचा निघाला ४.१. आता गंमत बघा. जुना टायर होता २९ इंची, मला घालायचा होता ३५. ५.३८ ला २९ ने भागलं की ०.१८६ येतात, ४.१ ला ३५ ने भागलं की ०.११७. म्हणजे पहिल्या गिअरला आधी जेवढी ओढ मिळायची तिच्या ६३ टक्केच उरली. एवढा खर्च करून गाडी आधीपेक्षा मरगळलेली. जोंगाला तो रेशो चालायचा कारण तिच्या बोनेटखाली ३९५६ सीसीचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन होतं, माझ्याकडे २१०० सीसीचं प्युजो डिझेल, कुठे ते आणि कुठे हे. जुनी ओढ तशीच ठेवायची तर ३५ च्या टायरला साडेसहाच्या आसपास रेशो पाहिजे, आणि आता कळलं असेल अमेरिकेतले लोक त्या ६.७२ वर एवढे का मरतात.

मग पर्याय काय, तर टायर लहान ठेवा, किंवा इंजिन मोठं घाला, किंवा ट्रान्सफर केसच्या लो गिअरचं रिडक्शन वाढवा. मी टायर ३१ वर आणले. मन मारलं, पण गाडी चालते.

टायर आणि क्लिअरन्सचं पण बघा. टायर ३१ चा ३५ केला तर अ‍ॅक्सल फक्त दोन इंच वर जातो, कारण निम्मा टायर वरच्या बाजूला वाढतो. त्या दोन इंचातला इंच-दीड इंच मोठ्या डिफचं पोट खाऊन टाकतं. म्हणून अ‍ॅक्सल बघायला जाताना डिफच्या पोटाची उंचीही मोजा, नळीच्या मध्यापासून खालच्या टोकापर्यंत, आणि आपल्या जुन्याशी ताडून बघा.

कुठे शोधायचं

पुण्यात सदर्न कमांडचं मुख्यालय, खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप, देहूरोडला ऑर्डनन्स डेपो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं गेटवर जाऊन विचारलं की माल मिळेल. तसं काही नसतं. लिलाव ऑनलाईन होतात, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साईटवर, तिथे नाव नोंदवावं लागतं, आगाऊ अनामत भरावी लागते आणि माल लॉटमध्ये जातो. तुम्हाला दोन अ‍ॅक्सल हवेत आणि लॉट असतो कितीतरी गाड्यांचा. म्हणून आपण घेतो ते लॉट उचललेल्या डीलरकडून. आधी पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीत भंगाराची गोडाऊनं रांगेने होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे बुलडोझर फिरवला, माझ्या ओळखीचे सगळे पांगले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हत्यारं, पाने, पुलर, जुने गेज छान मिळतात, पण अख्खा अ‍ॅक्सल नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी, इथे फोन फिरवावे लागतात. हरयाणातलं मंडी डबवाली जीप बनवणाऱ्यांचं गाव, तिकडून ट्रान्सपोर्टने माल येतो, फक्त न बघता पैसे पाठवू नका.

कागद घ्या. लिलावाची पावती किंवा तिची कॉपी आणि जीएसटीचं बिल. मिलिटरीचा माल बिनकागदाचा घेतलात आणि तो कुठून उचललेला निघाला तर समजावत बसायची वेळ तुमच्यावर येणार. आणि एक, त्या हिरव्या रंगाचं प्रेम अ‍ॅक्सलपुरतं ठेवा. ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही, मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम त्यासाठीच आहे.

यार्डात गेल्यावर

सोबत न्या: टॉर्च, मोजपट्टी, व्हर्नियर, पांढरा खडू, ड्रेन प्लगचा पाना, एक रिकामा डबा, जुनी कपडे.

आधी रेशो तपासा, आणि दोन्ही अ‍ॅक्सलचा तपासा. एक चाक घट्ट धरायचं, दुसरं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं, तेवढ्यात पिनियन किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजायचं, तोच रेशो. मी हे फक्त मागच्याचं केलं. डीलर म्हणाला "जोडी आहे साहेब, एकाच गाडीची", मी मान डोलावली, घरी आणून पुढचा मोजला तर साडेचारच्या वर. म्हणजे मधे कधीतरी कोणीतरी डिफ बदललेला. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असेल तर फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात, चिखलात चाक घसरून सुटका होते, पण कडक जमिनीवर ट्रान्सफर केस फुटते. दुसरा डिफ शोधायला मला पाच महिने लागले. तेवढ्या काळात ते हाऊसिंग आमच्या पार्किंगमध्ये पडून होतं आणि सोसायटीच्या दोन मीटिंग त्याच्यावर झाल्या.

ड्रेन प्लग उघडा. ऑईल चहासारखं दुधट निघालं तर पाणी शिरलंय, बेरिंगला गंज असणार, भाव पाडा किंवा सोडा. प्लगवर राखाडी बारीक लोणी असेल तर ठीक, ते झिजेचं असतं. कपच्या असतील तर दात गेलाय. मग नळी बघा, सरळ आहे का. लांब अँगल दोन्ही हबच्या तोंडाला लावून पुढून-मागून, वर-खाली मोजलं तर वाकलेलं हाऊसिंग कळतं. जुनं वेल्डिंग, खासकरून पाटा बसतो त्या जागेजवळ, असेल तर संशय घ्या.

पुढच्या अ‍ॅक्सलचा वळायचा गोळा, ज्यात जॉइंट बसतो, त्याच्या बाहेरचा भाग गुळगुळीत पाहिजे. गंजाने खड्डे पडलेले असले की कितीही नवीन सील टाका, ग्रीस बाहेर येणार आणि पाणी आत. आणि चाकाला वरून-खालून धरून हलवा, किंगपिनमध्ये, पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीत, खेळ किती आहे ते हाताला कळतं.

खोलायचं

उचलाउचलीबद्दल गंभीरपणे सांगतो, दोघांनी "होय रे होय" करत उचलायची ही वस्तू नाही. चेन पुली भाड्याने मिळते, ती लावा. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, लोखंडी घोड्या लावा, चारी. आमच्या गल्लीत विटांवर ठेवलेली गाडी सरकताना मी बघितलीये.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम काढल्यावर कॉम्प्रेसरने फू करून धूळ उडवायची गॅरेजमधली सवय इथे बंद, पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा.

बेरिंग, ऑईल सील, ब्रेकचे रबर, होज पाईप, हे सगळं नवीन, कसं दिसतंय ते न बघता. वर्षानुवर्षं यार्डात उभं राहिलेलं रबर दिसतं चांगलं आणि दोनशे किलोमीटरमध्ये दगा देतं. बेरिंगचा नंबर रिंगवर कोरलेला असतो, तो वाचून चांगल्या दुकानातून आणा, बरीच मापं ट्रकमध्ये चालणारी निघतात.

क्राऊन-पिनियन हलवला नाही तर सेटिंगला हात लावू नका. हलवला असेल, माझ्यासारखा डिफ बदलावा लागला असेल, तर हे काम घरी करू नका, जुना ट्रकचा डिफवाला मिस्त्री गाठा. डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधला खेळ, बघायचा, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या पट्ट्यात, दातांना निळं लावून फिरवायचं आणि डाग दाताच्या मध्ये उमटतोय का बघायचं. टोकाला उमटला तर शिम (पातळ चकत्या) बदला, परत फिरवा. यात अर्धा दिवस जातो. जो मिस्त्री म्हणतो "अंदाजाने बसवतो, काय होत नाय", त्याचा चहा प्या आणि निघा.

पाट्याच्या बैठका आणि वेल्डिंग

नवीन अ‍ॅक्सलवर तुमच्या पाट्याच्या अंतराने नवीन बैठका लावाव्या लागतात. आधी टाकू नका वेल्ड! बैठका नुसत्या ठेवून, यू-बोल्ट हलके आवळून, गाडी चाकांवर उतरवा, पूर्ण वजनाने, मागे दोन माणसं बसवा, मग कोन मोजा. आता मोबाईलमध्येच कोन मोजायचं ॲप असतं. ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर पाहिजेत, नाहीतर प्रोपेलरचे क्रॉस, त्याच्या टोकांचे सांधे, घरघरायला लागतात. मागच्याला पिनियन एक-दोन डिग्री खाली ठेवतात, कारण जोर आला की पाटा पिळतो आणि पिनियन नाक वर करतो.

पुढच्याला घोळ असा की पिनियनचा कोन आणि किंगपिनचं कलणं, ज्याला कॅस्टर म्हणतात, दोन्ही एकाच नळीवर आहेत. पिनियन वर उचललात की कॅस्टर जातो, आणि कॅस्टर गेला की गाडी सरळ रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी चालते, स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत नाही. मी कॅस्टरला झुकतं माप दिलं, ३ डिग्रीच्या आसपास ठेवला, आणि प्रोपेलरचा कोन थोडा वाईट सोसला. पुढचा प्रोपेलर तसाही फोर बाय फोर लावल्यावरच जोर घेतो.

जागा पक्की झाली की चार ठिकाणी टाके मारा, अ‍ॅक्सल बाहेर काढा, शाफ्ट आणि बेरिंग बाहेर, मग पूर्ण वेल्ड. ७०१८ चा रॉड, कोरडा, ओव्हनमधून काढलेला, पावसाळ्यात उघड्या पुड्यातला नको. नळी आधी गरम करून घ्या. एकदम लांब शिवण मारू नका, दोन इंच इकडे, मग समोरच्या बाजूला दोन इंच, मधे थंड होऊ द्या, नाहीतर नळी केळ्यासारखी वाकते आणि चाकं आत-बाहेर होतात. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा, हबला लावलात तर करंट बेरिंगमधून जाईल आणि बेरिंगला डाग पडतील. ओतीव डिफवर वेल्डिंग टाळा, ते वेगळं शास्त्र आहे.

यू-बोल्ट नवीन. जुने एकदा आवळून ताणले गेलेले असतात, परत वापरायचे नाहीत, शंभर-दोनशे रुपये वाचवून काय करणार.

स्टिअरिंग

जड चाकं, जड हब, मोठा टायर, साध्या स्टिअरिंगने उभ्या गाडीत वळवता येणार नाही. पॉवर स्टिअरिंग बसवा, आपल्याकडच्या एसयूव्हींचे बॉक्स मिळतात. टायरॉड, दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा, जाड पाईपचा करा, आणि ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा, जमिनीला शक्य तितकी समांतर ठेवा, कारण ती तिरकी असली की खड्ड्यात पाटा दबला की स्टिअरिंग आपोआप वळतं. हाताला झटका बसतो आणि तुम्हाला वाटतं रस्ता खराब. टो-इन, चाकांची पुढची टोकं आत वळलेली, थोडासा ठेवा. टायरॉड एंडला कधीही वेल्ड नाही, आटे पाडून लॉकनटच. हा एक जोड सुटला तर पुढे काय होतं ते ताम्हिणीच्या वळणावर बघायची गरज नाही.

ब्रेक

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. मोठ्या अ‍ॅक्सलचे व्हील सिलेंडर मोठे असतात, त्यांना ऑईल जास्त लागतं, आणि तुमचा जुना मास्टर सिलेंडर एका दाबात तेवढं ढकलू शकत नाही, त्यामुळे पेडल खाली जातं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागतो. लोक हवा आहे म्हणून आठवडाभर ब्लीड करत बसतात. मीही बसलो. मास्टर मोठ्या बोअरचा घ्या, पण मग पेडल कडक होतं, म्हणजे बूस्टर आला. आणि मास्टर दुहेरी घ्या, पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं, जुन्या गाड्यांत एकच लाईन असते, एक होज फुटला की चारी चाकं गेली.

जोर आता कुठे जाणार

अ‍ॅक्सल भक्कम झाला की तुटायची जागा पुढे सरकते, प्रोपेलरचा क्रॉस, मग ट्रान्सफर केस, मग गिअरबॉक्स. मी मुद्दाम क्रॉस साधाच ठेवलाय, दोन जास्तीचे आणि एक पुलर डिकीत. डोंगरात क्रॉस अर्ध्या तासात बदलता येतो, ट्रान्सफर केस नाही. तो फ्यूज समजा.

प्रोपेलरची लांबी बदलणारच, ती कापून जोडून बॅलन्स करून घ्या, आणि गाडी पूर्ण लटकलेली असताना स्प्लाइन (प्रोपेलरचा आत-बाहेर सरकणारा खाचांचा जोड) बाहेर येत नाही ना आणि पूर्ण दबलेली असताना आत आपटत नाही ना, दोन्ही बघून मगच माप द्या.

ब्रीदर, डिफच्या हवेचं भोक, विसरू नका. गरम झालेला डिफ ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला नळी जोडून बोनेटपर्यंत वर न्या, वीस रुपयांचा पाईप. ९० नंबरचं ऑईल भरताना गाडी सपाट जागेवर उभी करा, लेव्हल प्लगमधून वाहेपर्यंत भरा, आणि पाण्यात जाऊन आलात की दुसऱ्याच दिवशी प्लग उघडून रंग बघा.

कायदा

हा भाग लोक वाचत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अ‍ॅक्सल, टायर, स्टिअरिंग, ब्रेक, मोजा किती बदल झाले ते. इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी खाली वाकून बघणार हे वेगळं. म्हणून माझी गाडी रस्त्यावर चालत नाही, फ्लॅटबेडवर जाते, मित्राच्या शेतात उतरते आणि परत फ्लॅटबेडवर चढते. रोज ऑफिसला नेणारी गाडी असेल तर हे काम तिच्यावर करू नका, दुसरी जुनी घ्या.

पहिल्यांदा फिरवताना

पहिल्या दिवशी फक्त टू व्हीलमध्ये, सपाट मैदानात, पाच-दहाच्या स्पीडने, ब्रेक मारत, दोन्ही बाजूला पूर्ण वळवत. होज ताणला जातोय का, टायर पाट्याला लागतोय का, हे बाहेरून दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. अर्ध्या तासाने उतरून प्रत्येक हबला हात लावा, एकच गरम असेल तर ते बेरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. बेरिंगचा नट हब फिरवत फिरवत आवळायचा आणि मग थोडा सैल करून लॉक करायचा, नुसता आवळून सोडला की हेच होतं.

पन्नास किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळा, चाकाचे नट परत आवळा. नवीन बैठकांवर रंगाखाली केसासारखी रेघ आली आहे का ते टॉर्चने बघा, मी त्यासाठीच वेल्डवर पांढरा रंग मारतो, काळ्यावर तडा दिसत नाही. पहिलं ऑईल पाचशे किलोमीटरला काढा, नवीन बेरिंगचा चुरा त्यात निघतो. माझ्या पहिल्या ऑईलमध्ये एक वॉशर निघाला होता, तो कुठला ते अजून कळलेलं नाही, गाडी चालतीये.